न घेतलेल्या लसीचा हिशेब

व्यापारात झालेला तोटा तत्काळ वहीत चढतो. टळलेल्या तोट्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. लसीकरणाचा निर्णय घेताना माणसाचे मन हीच पद्धत अवलंबते. लसीनंतर आलेला ताप साऱ्या घराला दिसतो. लसीमुळे न झालेला आजार कोणालाच दिसत नाही. त्यामुळे लसीविषयीची साशंकता केवळ अज्ञानातून येते, हा समज खरा नाही. सुशिक्षित आणि हिशेबी माणसेही तिच्यातून सुटत नाहीत.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी या व्यापारी वस्तीत प्लेगने डोके वर काढले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांतच प्रतिबंधक लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतः टोचून घेतली. तरीही अनेकजण बिचकत राहिले. भीती केवळ सुईची नव्हती. त्याच काळात सरकारी पथके घरांत शिरून रुग्णांना बळाने हलवीत होती. त्या जबरदस्तीचा संताप लसीच्या वाट्यालाही आला. देणाऱ्या हातावर विश्वास नसेल, तर औषधाचा गुण पटत नाही.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, हे पुढे मान्य झाले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. परंतु १९ मृत्यूंची वार्ता सर्वदूर पोहोचली होती. लसीमुळे प्लेगपासून वाचलेल्यांची यादी करणे मात्र कोणालाच शक्य नव्हते.

इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या मनोवृत्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लसीचा धोका रोगाच्या धोक्याहून कमी आहे, असे सांगूनही अनेकांनी काल्पनिक बालकाला लस देण्याचे नाकारले. आपण काही केल्याने झालेली हानी मनाला अधिक बोचते. काही न केल्याने झालेली हानी दैवाच्या खाती जाते.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांना या हिशेबाची चूक फार उशिरा उमगली. त्यांचा चार वर्षांचा मुलगा १७३६ मध्ये देवीच्या रोगाने गेला. त्याला वेळीच देवी टोचून घेतली नाही, ही खंत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात इतर आईबापांसाठी मुद्दाम नोंदवून ठेवली.

घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती वा नवी आई लसीला नकार देते, तेव्हा तिची थट्टा करू नये आणि तिच्यावर सक्तीही करू नये. नेमकी कोणती भीती वाटते, हे शांतपणे विचारावे आणि तीच शंका कुटुंबाच्या डॉक्टरांपुढे मांडावी. लसीचे संभाव्य त्रास लपवू नयेत. परंतु रोगाचे धोकेही त्यांच्या शेजारी मांडावेत. लस न घेणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत असते. खात्याच्या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय खरी शिल्लक कळत नाही.