पडद्यावरचा खेळाडू आणि त्याचा गुणांक

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवायचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत ह्याच नावाने जो खेळ चालतो, तो अगदी निराळा. तिथला चेंडू लांबट. तो हाताने फेकतात, छातीशी धरून पळतात, आणि पळणाऱ्याला समोरचे गडी अंगावर झेप घेऊन पाडतात. कॉलेजांच्या संघांतून हा खेळ खेळणारी मुले हजारोंनी आहेत. परंतु एनएफएल ह्या धंदेवाईक संघटनेचे संघ अवघे 32. कॉलेजातून तिकडे नेणारा जो प्रमुख दरवाजा आहे, त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे व्याख्यानांचा हंगाम असतो तेव्हाच, हे संघ आळीपाळीने एकेक तरुण निवडतात. फेऱ्या सात. गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याचा पहिला मान; हेतू हा की दुबळ्याला बळ मिळावे.

ह्या कॉलेज फुटबॉलचे व्हिडिओ गेमही निघाले आहेत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीचे गेम त्यांत प्रसिद्ध. ह्या गेममध्ये घरबसल्या आपण एखाद्या कॉलेजचे प्रशिक्षक होतो आणि वर्षानुवर्षे संघ चालवतो. हंगाम संपला की गेम एक यादी पुढे टाकतो : अमुक खेळाडू ड्राफ्टसाठी चालला, तो बहुधा अमुक फेरीत उचलला जाईल. हे गेमला कोण सांगते?

उत्तर सोपे आहे. पडद्यावरचा प्रत्येक खेळाडू म्हणजे वस्तुतः आकड्यांची एक ओळ. वेग किती, ताकद किती, फेकीचा नेम किती, अशा एकेका गुणाला जास्तीत जास्त 99 पर्यंत अंक दिलेला असतो. त्या अंकांतून एक एकंदर गुणांक काढतात. मात्र सर्वांना एकच माप लावत नाहीत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत हाताचा जोर आणि नेम ह्यांना वजन. पुढच्या फळीत भिंतीसारखे उभे राहणाऱ्याच्या बाबतीत ताकदीला. पुढे हा मुलगा किती झपाट्याने सुधारेल, ह्याचीही प्रत ठरवून ठेवलेली असते. शिवाय नियमाची अट आहे : शाळा सोडून तीन वर्षे झाल्यावाचून कोणालाही ड्राफ्टला उभे राहता येत नाही. ही अट गेमनेही पाळली आहे. ज्याची कॉलेजातली मुदत संपली तो जातोच. ज्याची संपलेली नाही, पण गुणांक मोठा आहे, तो लवकर निघू पाहतो. प्रशिक्षकाला त्याची समजूत घालण्याची मुभा असते. ती प्रत्येक वेळी पटतेच असे नाही.

ह्या मुलांची यादी त्याच कंपनीच्या ‘मॅडन’ नावाच्या, धंदेवाईक फुटबॉलच्या गेममध्ये उतरवून घेण्याचीही सोय आहे. तिथे आपण निवड करणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. मुलाचा खरा गुणांक आपल्यापासून झाकून ठेवतात. पाहणी करावी तसा तो थोडाथोडा उमगतो, आणि निवड झाल्यावर पूर्ण उघडा होतो. खऱ्या जगातली अनिश्चितता गेमने अशा रीतीने आणली आहे.

परंतु इथेच खरा भेद आहे. गेममधला अंक झाकलेला असला, तरी तो आधीच लिहिलेला असतो. खऱ्या तरुणाच्या बाबतीत तो अजून कोणी लिहिलेलाच नसतो. खरे संघही मोजमापे पुष्कळ घेतात. इंडियानापोलिस शहरी निवडक तरुणांना जमवून चाळीस यार्डांची धाव, उभी उडी, वजन उचलणे ह्यांची परीक्षा होते. सन 2000 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीने ही धाव 5.28 सेकंदांत पुरी केली. फार संथ! त्याच्या आधी 198 जणांची निवड झाली, आणि सहाव्या फेरीत 199 वा म्हणून त्याचे नाव पुकारले गेले. पुढे त्याने अजिंक्यपदाच्या सात अंतिम सामन्यांत विजय मिळवला, इतके कोणत्याही खेळाडूला साधलेले नाही. उलट 1936 सालच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेला जे बरवँगर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. बरवँगरने व्यवसायच नाकारला, ब्रेडीने तो गाजवला; ह्या दोन्ही गोष्टी कोणत्या रकान्यात लिहिणार?

आणि हे अंक आले कुठून? पूर्वीच्या गेमांत खेळाडूंची नावे नसत. पण संघ, अंगावरचा क्रमांक, उंची, वजन, खेळण्याची ढब ही खऱ्या मुलांशी जुळत असे. कॉलेजच्या खेळाडूने मोबदला घ्यायचा नाही, हा दंडक. म्हणून गेम विकला जाई आणि मुलांना काहीच मिळत नसे. सन 2009 मध्ये सॅम केलर ह्या फुटबॉलपटूने आणि एड ओबॅनन ह्या माजी बास्केटबॉलपटूने कोर्टात दाद मागितली. ओबॅननने एका मित्राच्या घरी गेममध्ये स्वतःलाच खेळताना पाहिले होते! कंपनीने 2013 नंतर गेम काढणे थांबवले, आणि ती व तिची सहकारी परवाना-कंपनी ह्यांनी मिळून चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. सन 2021 मध्ये खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. जुलै 2024 मध्ये गेम परत आला, तो खेळाडूंची संमती घेऊन. दहा हजारांहून अधिक मुलांनी होकार दिला. प्रत्येकी 600 डॉलर आणि गेमची एक प्रत त्यांना देऊ केली होती. ज्यांनी नाही म्हटले, त्यांच्या जागी कल्पित खेळाडू घातले.

गेमने अंकावरून निवड करावी, ह्यात गैर काही नाही. त्याच्यापाशी दुसरे साधनच नाही. किंबहुना त्याचा निर्णय कधी चुकतही नाही, कारण ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्यानेच उत्तरे लिहिली आहेत. धोका आहे तो पाहणाऱ्याला. पडद्यावर 82 हा आकडा रोज पाहणाऱ्याला वाटू लागते, की त्या नावाच्या हाडामांसाच्या मुलातही 82 च आहेत. वास्तविक तो आकडा म्हणजे कोणा माणसांनी त्याच्याविषयी केलेला एक अंदाज. त्या अंदाजाला किंमत द्यावी. पण संमती विचारावी लागते, मोबदला द्यावा लागतो, आणि 199 व्या क्रमांकावर बसूनही ज्याच्यापासून मोठी अपेक्षा करता येते, तो आकडा नव्हे, तो मुलगा.