कोलंबोमार्गे मुंबई

गाणं मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं, निवेदक अमीन सयानी मुंबईचे, त्यांचं निवेदनही मुंबईतच टेपवर उतरलेलं. तरी दादरच्या चाळीतल्या रेडिओवर ‘बिनाका गीतमाला’ पोचायची ती दीडेक हजार किलोमीटरवरच्या कोलंबोहून! आठवड्याची गाजती गाणी क्रमाने ऐकवणाऱ्या या कार्यक्रमाची वाट मला त्यातल्या गाण्यांइतकीच अद्भुत वाटते.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि सरकारी रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. तिकडे सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र हाताशी होतं. त्याच वर्षी डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. टेप विमानाने कोलंबोला जाई. परत येई ती आभाळातून.

हे परत येणं मोठं विलक्षण. लघुलहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या आपल्या डोक्यावरून निघून जायला हव्यात. पण शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. त्या थरात शिरलेली लहर वाकते आणि खाली वळते. शिवाय सूर्य मावळला, की लहरी शोषून घेणारा सर्वांत खालचा थर विरून जातो, वरचा मात्र टिकतो. बुधवारी रात्री आठला कोलंबोहून सुटलेला सूर सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागात मुंबईत! मधेच आवाज बुडे, पुन्हा वर येई. तो वरचा थर सतत हलता असतो म्हणून.

सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली, असं सयानी सांगत. सात गाण्यांचे क्रम होतात ५,०४०, म्हणजे डोळे मिटून लिहिणाऱ्यांतही एकदोघांचं उत्तर बरोबर यावं! पुढे पत्रं इतकी वाढली, की कोडं बंद करून क्रमवारी सुरू झाली.

ती लावायची कशी, हा खरा पेच. दुकानांतली तबकड्यांची विक्री मोजता येई. पण तबकडीच्या दोन बाजूंना दोन गाणी. घेणाऱ्याने ती कुठल्या गाण्यासाठी घेतली? आणि दुकानातला साठा संपला, तर सर्वांत लाडकं गाणंच त्या आठवड्यात घसरलेलं दिसे. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं जोडली गेली. एका सार्वत्रिक आवडीचा इतका खटाटोपी हिशेब, तोही पोस्टाने, दर आठवड्याला! बिहारमधल्या, आताच्या झारखंडातल्या, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या झुमरी तलैयाहून तर इतक्या फर्माइशी रेडिओकडे येत, की असं गाव खरोखर नसावंच, असं पुष्कळांना वाटे.