पिंजऱ्याखाली काय साचते?

आमच्या पिशोरच्या आठवडी बाजारात पूर्वी रोहू, कटला, मरळ दिसायचे. आता चिलापी आणि पंगस जास्त येतात. दर कमी, काटे कमी, मुले आवडीने खातात. आमच्याही घरी येतात. यातले काही मासे तळ्यांत वाढवलेले असतात, काही धरणांतल्या तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत. आठवीच्या वर्गात हे सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांची घाण कुठे जाते?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पिंजऱ्यातल्या माशाला खाद्याच्या गोळ्या टाकाव्या लागतात. एक किलो मासा तयार व्हायला साधारण सव्वा ते दीड किलो खाद्य लागते. खाद्यातल्या नायट्रोजनचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या अंगी लागत नाही. त्यातला बराचसा अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळतो. न खाल्लेल्या गोळ्या आणि विष्ठा खाली बसतात.

त्या कुठे बसतील, हे आम्ही फळ्यावर गणित मांडून काढले. नॉर्वेच्या समुद्रात सामन माशांचे मोठे पिंजरे आहेत. समजा, पाणी 60 मीटर खोल आहे आणि विष्ठा सेकंदाला 3 सेंटीमीटर वेगाने खाली जाते. तळाला पोहोचायला 2000 सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. प्रवाह सेकंदाला 10 सेंटीमीटर असेल, तर ती 200 मीटर दूर जाऊन पडेल. घाण अशी पातळ पसरली की तळाचे किडे-अळ्या ती खाऊन टाकतात. थर जाड झाला की तळाचा प्राणवायू संपतो, गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची पांढरी साय धरते, सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हणून नॉर्वेत पिंजऱ्यांखालचा तळ ठराविक काळाने तपासतात आणि काही महिने जागा रिकामी ठेवतात. स्कॉटलंडमध्ये तर परवान्याआधीच घाण कुठवर पसरेल याचा संगणकावर हिशेब करावा लागतो.

आता धरण घ्या. खोली 10 मीटर, प्रवाह सेकंदाला जेमतेम 1 सेंटीमीटर. उत्तर आले सव्वातीन मीटर! म्हणजे सारे पिंजऱ्याच्या पायाशीच. वाहते पाणी आणि साचलेले पाणी यांतला फरक आपल्या घरांत वजूच्या मसाइलमध्ये लहानपणीच शिकवतात. साचलेल्या पाण्यात लघवी करण्याची मनाई हदीसमध्ये आहे. इथे तोच फरक मीटरमध्ये मोजला, एवढेच.

इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रात मानिंजाऊ नावाचे सरोवर आहे. 'तफसीर अल-अजहर' लिहिणारे हमका 1908 मध्ये याच्याच काठी जन्मले. तिथे 1990 नंतर पिंजरे वाढत गेले, पंधरा हजारांच्या वर पोहोचले. सरोवर ज्वालामुखीच्या मुखात आहे, त्यामुळे थोडे गंधक मुळातच होते. त्यावर खाद्याचा गाळ साचला. जोराचा वारा-पाऊस झाला की तळाचे प्राणवायूहीन पाणी वर येते आणि शेकडो टन मासे एकदम मरतात. कर्ज काढून खाद्य घेतलेली कुटुंबे एका रात्रीत बुडतात.

मी पिंजऱ्यांच्या विरोधात नाही. पुणे जिल्ह्यात डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवून स्वतःची कमाई उभी केली. पण मराठवाड्यातल्या धरणांचे पाणी आपण पितोही. पैठणच्या नाथसागरावर अख्खे संभाजीनगर शहर अवलंबून आहे. पिंजरे टाकताना खोली ऑगस्टची धरायची की मेची? माझ्या मते मेचीच. गोळ्या हाताने, मासे खातात तेवढ्याच टाकाव्यात. पिंजरे जागा बदलून ठेवावेत. आणि तळाचा गाळ वर्षातून एकदा तरी कोणीतरी तपासावा. हे काम कोणाचे, ते परवाना देतानाच लिहून घ्यावे.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न होता, "आपल्या अंजना-पळशी धरणात मे महिन्यात किती पाणी उरते?" मला आकडा सांगता आला नाही. उन्हाळ्यात धरणावरच्या मोजपट्टीची नोंद वर्गाच्या वहीत उतरवायची, असे ठरले आहे.