जगाचे कारभारी (लेखांक ६) : बंगळुरूची तळटीप

मागच्या लेखांकात आपण संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांची निवड पाहिली. २०१६ मध्ये उमेदवारांनी आमसभेपुढे जाहीर उत्तरे दिली, ती जगभर कुणालाही पाहता आली. सुरक्षा समितीचे चाचणी मतदान मात्र बंद दाराआडच झाले. आज जागतिक बँकेकडे वळू. तिची कथा बंगळुरूपासून सांगता येते.

फेब्रुवारी २०२३. जी-२० देशांचे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर २४ आणि २५ तारखेच्या बैठकीसाठी बंगळुरूला जमत होते. निर्मला सीतारामन आणि शक्तिकांत दास यजमान. अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन आधीच पोचल्या होत्या. बँकेचे अध्यक्ष डेव्हिड मालपास यांनी १५ तारखेला, मुदत वर्षभराहून अधिक शिल्लक असताना, पद सोडत असल्याचे सांगितले होते. नवी नावे सुचवण्यासाठी बँकेच्या संचालक मंडळाने २३ फेब्रुवारी ते २९ मार्च असा अवधी दिला. पहिल्याच दिवशी, २३ तारखेला, जो बायडेन यांनी अजय बंगा यांचे नाव जाहीर केले. अवधी संपला तेव्हाही यादीत तेवढे एकच नाव होते.

बंगा १९५९ साली पुण्याच्या खडकीत जन्मले. नेस्ले, सिटी बँक असा प्रवास करून ते मास्टरकार्डचे प्रमुख झाले. खडकीत जन्मलेला माणूस त्या खुर्चीवर बसला याचा मला मनापासून आनंद आहे आणि त्यांच्या पात्रतेविषयी शंका नाही. पण त्यांचे नाव अमेरिकेने आपल्या नागरिकाचे म्हणून दिले होते. भारताने नंतर पाठिंबा दिला, इतर अनेक देशांनीही दिला, आणि त्या पाच आठवड्यांत दुसरे नाव देण्याचे कुणीच मनावर घेतले नाही.

असे का व्हावे? बँकेच्या घटनेत अध्यक्ष अमेरिकेचाच हवा असे कुठेही लिहिलेले नाही. १९४४ च्या जुलैत ब्रेटन वुड्स इथे ही घटना ठरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते; ते त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. अध्यक्ष कार्यकारी संचालकांनी निवडावा, इतकेच तिथे म्हटले आहे. बाकीचा रिवाज पुढे पडला: बँक अमेरिकेकडे, नाणेनिधी युरोपकडे. मतांचे वजन भागभांडवलावरून ठरते. अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के, भारताकडे सुमारे ३. अमेरिका, युरोप आणि जपान एका बाजूला आले की जवळजवळ निम्मी मते तिथेच जमतात. हे गणित ठाऊक असताना हरण्यासाठी उमेदवार उभा करायला कुठले सरकार धजावणार?

२०११ मध्ये मंडळाने नवी पद्धत मान्य केली. निवड खुली, गुणवत्तेवर आणि पारदर्शक व्हावी, जास्तीत जास्त तीन उमेदवारांची छोटी यादी करून संमतीने नावे जाहीर करावीत, मुलाखती घ्याव्यात. लगेच पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, पहिल्यांदा खरी लढत झाली. नायजेरियाच्या अर्थमंत्री एन्गोझी ओकोंजो-इविएला आणि कोलंबियाचे होझे अँतोनियो ओकांपो अमेरिकेच्या जिम याँग किम यांच्यासमोर उभे राहिले. ओकांपोंनी माघार घेतली, किम निवडून आले. त्यानंतर २०१६, २०१९ आणि २०२३ या तिन्ही वेळा उमेदवार एकच. म्हणजे नियम सुधारले, अर्ज मागवले गेले, मुलाखतीही झाल्या. तुलना करायला दुसरे कुणी नव्हते. निवडीचा खरा भाग राजधान्यांमधल्या बोलण्यांत, अर्ज भरण्याआधीच उरकलेला असतो. (ओकोंजो-इविएला २०२१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक झाल्या. त्यांच्यात काही कमी होते म्हणून २०१२ चा निकाल लागला, असे म्हणणे अवघड आहे.)

३ मे २०२३ रोजी बंगांची निवड झाली. बँकेच्या निवेदनात मतांची फोड नव्हती. रशिया तटस्थ राहिला, ही बातमी सूत्रांच्या हवाल्याने बाहेर आली.

आता पुन्हा बंगळुरू. त्या बैठकीत युक्रेन युद्धावरच्या मजकुरावरून एकमत झाले नाही आणि संयुक्त निवेदन निघू शकले नाही. त्याऐवजी भारताने अध्यक्षांचे सारांशपत्र काढले आणि त्यात एक तळटीप दिली: तिसरा आणि चौथा परिच्छेद रशिया आणि चीन वगळता सर्वांना मान्य आहे. बैठक फसली अशी टीका तेव्हा झाली. मला ती तळटीप मोलाची वाटते. युद्धासारख्या विषयावर कोण कुठे उभे आहे हे देशांची नावे घेऊन छापता येते, तर अध्यक्षाच्या निवडीत कोणी कुणाला मत दिले हे का छापता येऊ नये? कर्ज घेणाऱ्या देशांतल्या लोकांना ते कळायलाच हवे. आपल्या बाजूने बोलणारा संचालक त्या दिवशी काय बोलला, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

त्या मंडळात २५ कार्यकारी संचालक असतात. भारताची खुर्ची बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेच्याही वतीने बोलते. कुठल्याही सदस्य देशाच्या नागरिकाचे नाव ती सुचवू शकते. त्यासाठी मतांचे वजन लागत नाही. बंगांची पाच वर्षांची मुदत जून २०२८ मध्ये पुरी होते.

(पुढील आठवड्यात : नाणेनिधी आणि युरोप)