वर डोंगर, खाली अल्माटी

अल्माटीत रस्ता विचारला की लोक 'वर जा' किंवा 'खाली जा' असं सांगतात. वर म्हणजे दक्षिणेला, डोंगराकडे. खाली म्हणजे उत्तरेला, सपाटीकडे. कझाकस्तानचं हे सर्वांत मोठं शहर एका लांबलचक उतारावर वसलंय. तो उतार नीट बघायचा तर कोक-तोबे टेकडीवर जायचं.

माझी भाची तिथं डॉक्टरकी शिकते. महाराष्ट्रातली बरीच मुलं हल्ली तिकडे असतात. तिच्याबरोबर मी रोपवेत बसलो. हा रोपवे १९६७ सालचा, आता डबे नवे आहेत. दोस्तिक रस्त्यावरून डबा सुटतो आणि बैठ्या घरांच्या पत्र्यांवरून, परसातल्या फळझाडांवरून वर सरकतो. टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर. माथ्यावर पाळणे, खाण्याच्या टपऱ्या आणि बीटल्सचा ब्राँझचा पुतळा आहे. लेनन गिटार घेऊन बाकावर बसलाय, त्याच्या शेजारी फोटो काढायला रांग. शेजारचा टीव्ही मनोरा ३७२ मीटर उंच. मला या कशात फारसा रस नव्हता. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस आधी पाणी कुठून येतं ते बघतो.

पाणी येतं समोरच्या अलाताऊ रांगेतून. माथ्यावर ऐन उन्हाळ्यातही बर्फ. ते वितळून नद्यांनी खाली येतं आणि शहरात रस्त्याच्या कडेच्या उघड्या पाटांतून झाडांना मिळतं. पंप नाही, सगळं उताराच्या जोरावर. इथल्या रस्त्यांवर एवढी झाडं का, याचं उत्तर त्या पाटांत आहे.

हाच डोंगर उलटतोही. १८८७च्या भूकंपात इथली विटांची घरं जवळजवळ सगळी कोसळली. मग झेन्कोव नावाच्या इंजिनिअरनं चर्च लाकडी बांधलं, ते १९०७ साली पुरं झालं. १९११च्या मोठ्या भूकंपात ते टिकलं आणि आजही पानफिलोव बागेत उभं आहे.

त्याहून वाईट म्हणजे चिखलाचे लोंढे. अतिवृष्टी झाली किंवा वरचं हिमनदीचं तळं फुटलं की माती, पाणी आणि घराएवढे धोंडे एकदम दरीतून सुटतात. १९२१ साली असा लोंढा भर शहरात घुसला, शेकडो माणसं गेली. माळीण गावावरची दरड आठवणाऱ्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. यावर सोव्हिएत इंजिनिअरांनी काढलेला उपाय मला थक्क करतो. १९६६ साली त्यांनी शहराच्या वरच्या मेदेऊ दरीचा एक कडाच पाच हजार टनांहून जास्त स्फोटकं लावून उडवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला सुरुंग लावले. कोसळलेल्या दगडांचाच बांध झाला. १९७३च्या जुलैत प्रचंड लोंढा आला आणि त्या बांधानं तो अडवला. पण पाणी सोडायची तोंडं चिखलानं बुजली, पाणी चढू लागलं, तेव्हा घाईघाईनं पंप लावून उपसावं लागलं. नंतर बांधाची उंची वाढवून १५० मीटर केली. आम्ही आयुष्यभर धरणं भरावीत म्हणून आकाशाकडे बघत बसलो; हे धरण रिकामं राहण्यातच त्याचं यश. कोक-तोबेवरून ते दिसत नाही. त्यासाठी १२ नंबरच्या बसनं मेदेऊला जायचं आणि ८४२ पायऱ्या चढायच्या. गुडघे साथ देत असतील तर टेकडीपेक्षा तेच आधी बघा, असं माझं मत.

आता दृश्याची दुसरी बाजू. हिवाळ्यात टेकडीवरून उत्तरेकडे बघितलं तर इमारतींच्या वरच्या मजल्यांखाली राखाडी थर पसरलेला असतो. थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण आणि दक्षिणेला डोंगराची भिंत. कोळशाचा आणि गाड्यांचा धूर मग जाणार कुठं? म्हणून इथं जागेचे भावसुद्धा डोंगराकडे चढत जातात. भाचीची खोली अर्थातच खालच्या भागात. "मामा, जानेवारीत आम्हाला इकडचे डोंगर गुगलवरच बघावे लागतात," ती म्हणाली.

तेव्हा हिवाळ्यात गेलात, तर बर्फ पडून गेल्यावर आकाश निवळलेला दिवस गाठा आणि सकाळीच चढा. रोपवेची गर्दी टाळायची असेल तर वर जायला रस्ताही आहे.