रक्तातल्या यीस्टवर पाळत कशाला?

यीस्ट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पाव, पिझ्झाचा बेस, फार तर फुगलेलं पीठ. पण यीस्टचीच एक जात आपल्या तोंडात, आतड्यात मुक्काम ठोकून असते. तिचं नाव कँडिडा. एरवी ती कुणाच्या अध्यातमध्यात नसते. पण पेशंट आयसीयूत असेल, मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, अँटिबायोटिक्सचा मारा चालू असेल, तर ती रक्तात शिरू शकते. मग मामला थेट जिवावर बेततो.

अशा वेळी औषध द्यायचं, पण कुठलं? बॅक्टेरियासाठी औषधांची भलीमोठी यादी आहे. रक्तातल्या यीस्टसाठी मात्र सगळी भिस्त मुख्यतः तीन गटांवर: फ्लुकोनाझोलसारखे अझोल, अँफोटेरिसिन-बी आणि एकायनोकँडिन. असं का? बुरशीची पेशी रचनेनं आपल्या पेशीच्या बरीच जवळची. तिला मारेल आणि आपल्याला धक्का लावणार नाही असं औषध सापडणं अवघड. त्यामुळे तिघांपैकी एक जरी निकामी ठरलं, तरी डॉक्टरांचे हात बांधले जातात.

कँडिडा ऑरिसचंच बघा. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात हे यीस्ट सापडलं, म्हणून नाव ऑरिस, म्हणजे लॅटिनमध्ये कान. २०१३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी तिथल्या रुग्णांमध्ये आढळलेल्या या यीस्टची माहिती प्रसिद्ध केली. फ्लुकोनाझोलला ते दाद देत नव्हतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात ऑरिस सगळ्यात वरच्या गटात आहे.

आता खरी गोची. पेशंटचं रक्त बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवतात. यीस्ट वाढायला एक ते काही दिवस. मग ते कुठलं, हे ओळखायचं. मग प्लेटच्या छोट्या छोट्या खाचांमध्ये औषधाचं प्रमाण दुप्पट-दुप्पट करत नेऊन ते कितीला थांबतं, हे पाहायचं. यात आणखी एखादा दिवस जातो. पेशंटला तेवढा वेळ नसतो. रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू करावं लागतं.

इथेच पाळत कामाला येते. आपल्या हॉस्पिटलमध्ये गेल्या वर्षी कुठली यीस्ट किती सापडली, कुठल्या औषधाला किती बधली नाहीत, याचा हिशोब हाताशी असेल, तर पहिला डोस अंदाजपंचे द्यावा लागत नाही. भारतात आयसीएमआरचं देशभरातल्या हॉस्पिटल्सचं जाळं २०१३ पासून असा हिशोब ठेवतंय. त्यात बॅक्टेरियांसोबत बुरशीही मोजल्या जातात.

तुम्ही काय कराल? आयसीयूत कुणाला भेटायला गेलात, तर आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा. ऑरिस पलंगाच्या कठड्यावरही बरेच दिवस तग धरतं. मेडिकलमधून मनानंच फ्लुकोनाझोल आणून खाऊ नका. आणि मायक्रोबायोलॉजी शिकत असाल, तर बुरशीचा धडा ऑप्शनला टाकू नका. उद्या त्या प्लेटवरचा आकडा वाचून डॉक्टरांना फोन करणारे तुम्हीच असाल.