नागपूरला रेल्वेनं, जगदलपूरला विमानानं : भिलाईकरांचं प्रवासाचं गणित

फोनवर 'रायपूर ते नागपूर विमानाने किती वेळ' असं टाकलं की क्षणात उत्तर येतं. अंतर सुमारे २८० किमी, वेळ तासाच्या आतच. गुडघेदुखीच्या आजीला दिवाळीत विमानानंच नेऊ, असं मग घरात कुणीतरी म्हणतंच. थांबा, तिकीट काढू नका!

हे २८० किमी म्हणजे दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर. छोट्या मार्गांवरचं एटीआर-७२ विमान ताशी साधारण ५०० किमी वेगानं उडतं, म्हणजे हिशेबानं ३४ मिनिटं. पण चढताना-उतरताना तो वेग नसतो आणि धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो. म्हणून तिकिटावर तासाभराचा वेळ दिसतो. शिवाय थेट विमान नसलं तरी फोन हे अंतर दाखवतोच! बुकिंगला गेलं की मग दिल्ली किंवा मुंबईमार्गे जाणारे लांबलचक पर्याय समोर येतात.

समजा, थेट विमान मिळालं. भिलाईजवळ नंदिनीला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान नाही. म्हणजे रायपूरच्या माना विमानतळावर जायला सव्वा-दीड तास. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. मग उड्डाण, सामान, सोनेगावहून नागपुरातलं घर. झाले साडेचार-पाच तास. याउलट ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेली वंदे भारत दुर्गहून नागपूरला साडेतीन तासांच्या आसपास पोचवते. आजीला डबा उघडून निवांत जेवता येतं ते वेगळंच.

आता जगदलपूर पाहा. रायपूरहून हवाई अंतर सुमारे २३५ किमी, म्हणजे नागपूरपेक्षाही कमी. पण इथे गणित उलटतं. जगदलपूरचा लोहमार्ग बैलाडिलाचं लोहखनिज विशाखापट्टणमला नेण्यासाठी बांधला गेला. त्यामुळे तो पूर्वेकडे, ओडिशात जातो. भिलाईहून रेल्वेनं जायचं तर टिटलागड, रायगडा, कोरापुट असा मोठा वळसा पडतो आणि अख्खी रात्र गाडीत जाते. रस्ता ३०० किमीच्या घरात. वाटेत केशकाल घाट. तिथे एखादा ट्रक बंद पडला की सहा-सात तासांचे किती होतील, सांगता येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये 'उडान' योजनेत रायपूर-जगदलपूर विमान सुरू झालं, ते म्हणूनच महत्त्वाचं. जगदलपूरचा विमानतळ गावाला लागूनच आहे. त्यामुळे माना धरूनही भिलाईहून साडेचार तासांत पोचता येतं. चित्रकोटचा धबधबा तिथून साधारण ४० किमी. म्हाताऱ्या माणसांना बस्तर दाखवायचं असेल, तर पैसे इथे खर्च करा, असं माझं स्पष्ट मत.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. या मार्गाचं वेळापत्रक वरचेवर बदलतं, तेव्हा विमान कोणत्या वारी आहे ते आधी पाहा. आणि ढगाळ हवेत विमान रद्द होऊ शकतं, म्हणून परतीच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा किंवा डॉक्टरांची वेळ ठेवू नका.

दल्लीराजहराकडून रावघाटच्या दिशेनं नवा लोहमार्ग पुढे सरकतो आहे, भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज आणण्यासाठी. तो जगदलपूरपर्यंत पोचला, की हा हिशेब नव्यानं मांडावा लागेल.